बिघडलेल्या पीएसटीमधून हरवलेले मेल कसे काढायचे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडमधल्या एका जॉबवर्क युनिटच्या ऑफिसची अडचण मांडतोय. विंडोज १०, आउटलुक २०१६, खातं पॉप पद्धतीचं (मेल सर्व्हरवरून पीसीत उतरवून घेणारं). सगळे मेल एकाच पीएसटीत (आउटलुकची मेल साठवायची फाइल) आणि ती पीएसटी नॅसवर (ऑफिसच्या नेटवर्कवरचा डिस्कचा डबा). फाइल ४८ जीबीच्या थोडी वर गेलेली. दुपारी लाइट गेली, नॅस यूपीएसवर नव्हता. तेव्हापासून आउटलुक उघडताना ‘फाइलमध्ये दोष आढळले’ असं सांगून थांबतं.

मूळ फाइल बाजूला ठेवली आणि तिच्या कॉपीवर स्कॅनपीएसटी (मायक्रोसॉफ्टचं पीएसटी दुरुस्त करायचं साधन) चालवलं. फाइल उघडली, फोल्डर दिसतात, सेंट आयटम्स जसेच्या तसे आहेत. इनबॉक्समध्ये मात्र साधारण १० जानेवारीनंतरचं काहीच नाही. ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये थोडे मेल आले, पण काहींना विषय नाही, काहींच्या अटॅचमेंट उघडत नाहीत.

त्या काळातल्या पीओ (खरेदीच्या ऑर्डर) आणि ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजन हव्या आहेत. जुन्या रिव्हिजनवर माल कापला गेला तर अख्खा लॉट रिजेक्ट होईल. पुढचं पाऊल कोणतं?

निफाडकर
स्कॅनपीएसटी पुन्हा चालवा. एका फेरीत सगळं दुरुस्त होत नाही. ‘दोष नाहीत’ असं येईपर्यंत चालवत राहायचं.

रामशेज
@निफाडकर, थांबा जरा. त्याआधी दोन गोष्टी.

पहिली: त्या खात्याचं आउटलुक आत्ता उघडूच नका, कोणत्याही पीसीवर. ब्राउझरमधून वेबमेल उघडा आणि सर्व्हरवर काय शिल्लक आहे ते पाहा. आउटलुक २०१० पासून पॉप खातं जोडताना ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ आणि ‘१४ दिवसांनी काढून टाका’ हे दोन्ही पर्याय आपोआप टिकलेले असतात. म्हणजे उतरवून घेतलेले मेलसुद्धा साधारण दोन आठवडे सर्व्हरवर असतात. पण आउटलुक उघडून पाठवा-मिळवा झालं की मुदत संपलेले मेल तिथून पुसले जातात. इंटरनेटची वायर काढून उघडलं तरच निर्धास्त.

दुसरी गोष्ट तुमच्या फाइलच्या आकाराची. २०१० पासून पुढच्या आउटलुकमध्ये पीएसटीची ठरलेली कमाल मर्यादा ५० जीबी आहे, पण नवा मजकूर त्याआधीच, ४७.५ जीबीला थांबतो. उरलेली जागा आउटलुक आतल्या कामासाठी राखून ठेवतं. रजिस्ट्रीत (विंडोज जिथे सेटिंग ठेवतं तिथे) या दोन वेगवेगळ्या किमती आहेत, ५१२०० आणि ४८६४० एमबी. तुमची फाइल ४८ च्या वर आहे, म्हणजे शेवटी शेवटी आलेले मेल फाइलमध्ये शिरलेच नसण्याची शक्यता आहे. तसं असेल तर पाठवा-मिळवाच्या खिडकीत ८००४०६०सी ने संपणारा एरर दिसत असणार. जे मेल उतरलेच नाहीत त्यांना १४ दिवसांचा नियम लागत नाही. ते सर्व्हरवरच पडून असतात, मेलबॉक्सचा कोटा भरेपर्यंत.

सिन्नरफाटा
वेबमेल आधी, याला +१. तिथे स्पॅम आणि ट्रॅशही बघा. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचा मेलबॉक्स असेल तर डिलीटेड आयटम्समधून काढलेलेही ठरलेल्या सेटिंगनुसार १४ दिवस परत मिळतात, अ‍ॅडमिनने वाढवलं असेल तर ३० दिवस.

चामरलेणी
आता फाइलकडे येतो. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

पीएसटीच्या आत दोन झाडं असतात. एकात कोणता मेल, कोणतं फोल्डर अशा नोंदी (नोड), दुसऱ्यात प्रत्यक्ष मजकुराचे तुकडे (ब्लॉक) फाइलमध्ये कुठे आहेत त्याची नोंद. एक ब्लॉक जास्तीत जास्त ८१९२ बाइटचा. म्हणजे ५ एमबीचं ड्रॉइंग शेकडो ब्लॉकमध्ये विखुरलेलं असतं. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी त्याची सीआरसी बेरीज (मजकूर बिघडलाय का ते पडताळायचा आकडा) असते. इनबॉक्सची यादी ही आणखी वेगळी गोष्ट, फोल्डरच्या स्वतःच्या तक्त्यात.

लाइट गेली तेव्हा यातला थोडा भाग लिहिला गेला आणि थोडा राहिला. तुमच्याकडे एका तारखेनंतरचं सगळं एकदम गेलंय, त्यावरून इनबॉक्सचा तक्ता तुटलाय आणि बरेचसे मेल आत अजून शाबूत आहेत अशी शक्यता मला जास्त वाटते.

स्कॅनपीएसटीचं काम आउटलुकला फाइल उघडता यावी एवढंच. ज्याचा धागा जुळतो ते जोडायचं, सुटं पण ओळखू येतं ते लॉस्ट अँड फाउंडमध्ये टाकायचं, सीआरसी जुळत नाही ते सोडून द्यायचं. प्रत्येक फेरीत झाडं नव्याने लिहिली जातात आणि सोडलेली जागा ‘मोकळी’ ठरते. म्हणून ज्या फाइलमधून मेल उपसायचे आहेत तिच्यावर आधी वाचणारी साधनं चालवायची, दुरुस्ती शेवटी. तुमच्याकडे मूळ फाइल स्वतंत्र आहे, हे फार चांगलं झालं. तिला रीड-ओन्ली करा आणि काम नेहमी दुसऱ्या कॉपीवर करा.

निफाडकर
पण मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साधन सोडून भलत्या गोष्टी कशाला? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फाइली स्कॅनपीएसटीनेच उघडल्या आहेत.

चामरलेणी
उघडतात, मान्य. फाइल उघडणं एवढंच हवं असेल तर मीही तेच सांगेन. इथे अमुक तारखांचे मेल हवे आहेत आणि ती फेरी होऊनही ते आलेले नाहीत. कॉपीवर अजून दोन-चार फेऱ्या मारून बघायला हरकत नाही, मूळ फाइलवर नको.

सोमेश्वर
मूळ फाइलची कॉपी काढताना एक अडचण हमखास येते. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. स्कॅनपीएसटीला स्वतःची बॅकअप कॉपीही लागते, त्यामुळे कामाच्या डिस्कवर दीडशे जीबी तरी मोकळे ठेवा. आणि हे काम नॅसवर नको, पीसीच्या आतल्या डिस्कवर करा.

नॅसवरची पीएसटी हे मूळ दुखणं आहे. नेटवर्कवरून वापरायच्या पीएसटीला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. आउटलुक या फाइलमध्ये सतत लहान लहान तुकडे लिहीत असतं. स्विच क्षणभर बंद पडला, वायर सैल झाली, नॅस झोपेत गेला, की लिखाण अर्ध्यावर तुटतं. वीज हे फक्त एक कारण.

द्राक्षमणी
नॅसवर स्नॅपशॉट (फाइलींच्या त्या त्या वेळच्या जपलेल्या स्थिती) चालू आहेत का ते पाहिलंत का? बटरएफएस किंवा झेडएफएसवरचे बरेच नॅस रोजचे स्नॅपशॉट ठेवतात आणि ते कुणीतरी सुरुवातीलाच चालू केलेले असतात. फाइल विंडोज पीसीवर असती तर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’. आदल्या रात्रीची फाइल मिळाली तर अर्धं काम तिथेच संपतं.

गंगापूररोड
डिस्क स्वतः आजारी नाही ना, याची खात्री करा. स्मार्टच्या नोंदीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) ५, १९७ आणि १९८ हे तीन आकडे बघा. १९७ म्हणजे वाचायला त्रास देणारी, निकालात न निघालेली सेक्टर. तो शून्य नसेल तर त्या डिस्कवर काहीही दुरुस्त करायला जाऊ नका. लिनक्सच्या डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घ्या. पहिली फेरी छोट्या लिपीतल्या ‘एन’ पर्यायाने, म्हणजे खराब भागाशी झटापट न करता चांगला भाग आधी निघतो. दुसऱ्या फेरीत ‘आर ३’ देऊन उरलेल्या भागावर तीन प्रयत्न. मॅपफाइल द्यायला विसरू नका, तीच असेल तर मध्ये थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि ती लॅबला द्या. घरी खोलणं, फ्रीजमध्ये ठेवणं असलं काही करू नका.

त्रिंबककर
एक जुनी युक्ती आहे. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या) फाइल उघडायची, सुरुवातीचे ७ ते १३ नंबरचे बाइट स्पेसने भरायचे आणि मग स्कॅनपीएसटी. डिलीट केलेले मेल परत येतात.

चामरलेणी
@त्रिंबककर, ती युक्ती डिलीट झालेल्या मेलसाठी होती, बिघडलेल्या फाइलसाठी नव्हे. पीएसटीच्या हेडरमध्ये पहिले चार बाइट ‘!बीडीएन’ ही ओळख, पुढचे चार सीआरसी, मग ‘एसएम’, आणि त्यानंतर आवृत्तीचा आकडा: १४ किंवा १५ असेल तर जुनी आन्सी फाइल, २३ असेल तर युनिकोड. ७ ते १३ पुसले की सीआरसीचा काही भाग, ‘एसएम’ आणि आवृत्ती हे सगळं जातं. स्कॅनपीएसटी गडबडून सगळं नव्याने चाळतं, म्हणून पुसलेले मेल वर येतात. पण इतर साधनांना मग ही फाइल कोणत्या जातीची तेच कळत नाही. इथे नको.

हेक्स एडिटरवरून आठवलं. कुणी फाइलमध्ये गिऱ्हाइकाचं नाव शोधून ‘सापडत नाही, म्हणजे मेल गेले’ असा निष्कर्ष काढू नये. आउटलुक मजकूर साधारणपणे बाइटच्या अदलाबदलीने लिहितं, सरळ शोधाला तो दिसतच नाही. उलट पीएसटीला दिलेला पासवर्ड मजकूर मुळीच लपवत नाही. फाइलमध्ये त्याची फक्त ३२ बिटांची बेरीज ठेवलेली असते. वाचणारी साधनं त्याला विचारातही घेत नाहीत.

गोदाकाठ
स्नॅपशॉट बंद आहेत. स्मार्टमध्ये तिन्ही आकडे शून्य. वेबमेलमध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासूनचे मेल पडलेले दिसतायत! रामशेज म्हणाले तसंच निघालं. १० जानेवारी ते फेब्रुवारी अखेर हा भाग अजून हवा आहे. वाचणारी साधनं म्हणजे नेमकी कोणती? लिनक्सचा अनुभव नाही.

रामशेज
आधी ते वेबमेलमधले मेल सुरक्षित करा. नवीन आउटलुक प्रोफाइल, नवीन कोरी पीएसटी, पीसीच्या डिस्कवर. खातं जोडताना ‘१४ दिवसांनी काढून टाका’ची टिक आधी काढा आणि मगच पाठवा-मिळवा करा. नव्या प्रोफाइलला पूर्वी काय उतरवलं होतं ते माहीत नसतं, त्यामुळे सर्व्हरवरचं सगळं उतरेल.

चामरलेणी
विंडोज १० मध्येच उबंटू लिनक्स बसवता येतं, डब्ल्यूएसएल नावाने. त्यात दोन पॅकेज घ्या: पीएसटी-युटिल्स आणि पीएफएफ-टूल्स.

पहिल्यात रीडपीएसटी आहे. त्याला ‘ई’ पर्याय दिला की प्रत्येक मेल स्वतंत्र ईएमएल फाइल होतो, मोठ्या लिपीतला ‘डी’ दिला की डिलीट केलेलेही घेतं, ‘ओ’ नंतर फोल्डरचं नाव. मात्र ते फोल्डरच्या झाडावरून चालतं. तुमचा तक्ताच तुटलेला असेल तर तेही १० जानेवारीलाच थांबेल.

म्हणून तुमच्यासाठी दुसरं, पीएफएफएक्स्पोर्ट. त्याला ‘एम’ पर्यायात ‘ऑल’ द्या. शेवटी तीन फोल्डर तयार होतात: एक्स्पोर्ट, ऑर्फन्स आणि रिकव्हर्ड. पहिल्यात नेहमीचे मेल. ऑर्फन्समध्ये झाडात नोंद आहे पण कोणत्याही फोल्डरला जोडलेले नाहीत असे. रिकव्हर्डमध्ये मोकळ्या ठरलेल्या जागेतून उचललेले. तुमचे मेल ऑर्फन्समध्ये असायला हवेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे मूळ फाइलच्या ताज्या कॉपीवर चालवा, स्कॅनपीएसटी फिरवलेल्या कॉपीवर नाही. आणि हे साधन ईएमएल देत नाही. प्रत्येक मेलचं एक फोल्डर, त्यात हेडर, मजकूर आणि अटॅचमेंट वेगवेगळ्या. पीओ आणि ड्रॉइंग काढायला तेवढं पुरेसं आहे.

सातपूरची_ताई
गोदाकाठ दादा, विकतच्या सॉफ्टवेअरचाही विचार करा, पण बेताने. डेमोमध्ये मेलची यादी आणि मजकूर दिसतो, सेव्ह करायला पैसे लागतात. डेमोत १० जानेवारीनंतरचे मेल दिसत असतील आणि अटॅचमेंटचा आकार शून्य नसेल, तरच पैसे भरावेत. डेमोत जे दिसत नाही ते पैसे भरल्यावरही येत नाही. ‘फाइल अपलोड करा, दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या साइटवर तर मुळीच जाऊ नका. त्यात गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आहेत, गोपनीयतेचे करार केलेले असतात.

निफाडकर
ताईंशी पूर्ण सहमत. क्रॅक केलेली रिकव्हरी सॉफ्टवेअर हाही तसाच धोका आहे, रॅन्समवेअर घरात आणायचा सरळ मार्ग.

पिंपळगाव_बसवंत
थोडं अवांतर. आमच्याकडे द्राक्ष निर्यातीच्या बऱ्याच ऑफिसांत थंडरबर्ड असतं. जानेवारी ते एप्रिल कंटेनरची कागदपत्रं, फायटोची (माल कीड-रोगमुक्त असल्याची) प्रमाणपत्रं सगळी मेलवर. तिथे फोल्डर अचानक रिकामं दिसलं तर काय?

द्राक्षमणी
@पिंपळगाव_बसवंत, थंडरबर्डमध्ये काम सोपं आहे. प्रत्येक फोल्डरची एक साध्या मजकुराची एमबॉक्स फाइल असते, तिला एक्स्टेन्शन नसतं, आणि शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल. एमएसएफ ही फक्त सूची. थंडरबर्ड बंद करा, प्रोफाइल फोल्डरची कॉपी काढा, मग एमएसएफ पुसा आणि पुन्हा उघडा. सूची नव्याने बनते. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग ‘रिपेअर फोल्डर’ हाही तोच उपाय.

चुकून डिलीट झालेले मेल ‘कॉम्पॅक्ट’ (फाइल आवळून रिकामी जागा काढणं) होईपर्यंत एमबॉक्समध्येच असतात. प्रत्येक मेलच्या वर एक्स-मोझिला-स्टेटस अशी ओळ असते. तिथे ०००९ असेल तर ‘वाचलेला आणि डिलीट केलेला’. कॉपीमध्ये ते ०००१ करून एमएसएफ पुसली की मेल परत दिसतो. म्हणून काही हरवलंय असं कळताच आधी आपोआप होणारं कॉम्पॅक्ट बंद करायचं. मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडू नका. मोठ्या फाइल पेलणारा एडिटर घ्या, आणि ओळींचे शेवट व एन्कोडिंग बदलू देऊ नका.

पिंपळगाव_बसवंत
धन्यवाद, सीझन चालू असताना फार उपयोगी माहिती दिलीत.

सिन्नरफाटा
ओएसटीबद्दल कुणी बोललं नाही. आयमॅप किंवा एक्स्चेंज खात्यात मेल सर्व्हरवरच राहतात, आणि पीसीवरची ओएसटी फाइल ही त्या सर्व्हरची नक्कल. ती बिघडली तर आउटलुक बंद करून नाव बदला, नवीन आपोआप उतरते. सरसकट पुसू मात्र नका. आयमॅप खात्यात ‘फक्त या कॉम्प्युटरवर’ असं लिहिलेली कॅलेंडर आणि काँटॅक्ट फोल्डर असतात, ती सर्व्हरवर नसतात. खातंच बंद झालेलं असेल तर ती ओएसटीच शेवटची प्रत. २०१३ पासूनच्या ओएसटीत पान (आतल्या झाडांच्या नोंदींचा एक तुकडा) ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचं आहे आणि ब्लॉक दाबून ठेवलेले असतात, त्यामुळे जुनी साधनं ती वाचत नाहीत.

त्रिंबककर
आणि फाइलच डिलीट झाली असेल तर? फोटोरेक (डिलीट झालेल्या फाइल शोधणारं साधन) पीएसटी ओळखतं ना?

गंगापूररोड
ओळखतं, पण ५० जीबीची फाइल डिस्कवर सलग पडलेली क्वचितच असते. तुकडे झालेले असले की सुरुवात मिळते, बाकी भलतंच येतं. एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेली जागा पुसून मोकळी करायची सोय) चालू असेल तर डिलीट झालेली फाइल गेलीच समजा. हार्ड डिस्क असेल तर पीसी ताबडतोब बंद करून डिस्कची प्रतिमा घ्यायची.

गोदाकाठ
पीएफएफएक्स्पोर्ट रात्रभर चाललं. चामरलेणी, ऑर्फन्समध्ये १० जानेवारी ते फेब्रुवारी अखेरचे बहुतेक मेल निघाले, पीडीएफ ड्रॉइंग उघडतायत. काही पीडीएफ अर्धवट आहेत, ‘फाइल खराब’ म्हणतात. शिवाय तेच मेल रिकव्हर्डमध्येही दिसतात, दोनदा-तीनदा. एक विचारायचं राहिलं: एका पेमेंटचा वाद कोर्टात जाऊ शकतो, त्यातले काही मेल यात आहेत.

चामरलेणी
आनंद झाला. एकाच मेलच्या प्रती ओळखायला विषय आणि तारीख वापरू नका. इंटरनेट हेडरमध्ये मेसेज-आयडी असतो, तो प्रत्येक मेलला वेगळा. त्याच आयडीच्या दोन प्रती असतील तर ज्यातल्या अटॅचमेंट मोठ्या आणि उघडणाऱ्या, ती ठेवा.

अर्धवट पीडीएफमध्ये मधला ब्लॉक गेलाय. ती ‘दुरुस्त’ करून त्यावर माल कापू नका. पान उघडलं तरी एखादं माप किंवा टॉलरन्स गळालेला असू शकतो. गिऱ्हाइकाच्या सेंट आयटम्समध्ये ती असणारच. मेसेज-आयडी आणि तारीख कळवून त्यांना मूळ मेल ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड’ करायला सांगा, म्हणजे हेडरसकट येतो.

सातपूरची_ताई
कोर्टाच्या मुद्द्यावर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅशची (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) किंमत भरायची असते. म्हणून मूळ, न दुरुस्त केलेल्या पीएसटीचा एसएचए-२५६ हॅश आत्ताच काढा. विंडोजच्या सर्टयुटिलमध्ये ‘हॅशफाइल’ पर्यायाने निघतो. तो आकडा, तारीख, वेळ आणि फाइल कोणत्या डिस्कवरून घेतली हे कागदावर लिहून सही करून ठेवा. ती डिस्क सीलबंद पाकिटात. कोणता मेल कोणत्या साधनाने काढला त्याचीही नोंद ठेवा आणि वकिलांना आधी दाखवा. वाद नसला तरी जीएसटीच्या कलम ३६ नुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, त्यामुळे जुन्या पीएसटी लगेच पुसू नका.

सोमेश्वर
पुढची घडी अशी बसवा. स्कॅनपीएसटी केलेली फाइल रोजच्या कामाला वापरू नका. त्यातले चांगले मेल नव्या पीएसटीत हलवा. पीएसटी आर्थिक वर्षानुसार तोडा, १ एप्रिलला नवी. रजिस्ट्रीतली मर्यादा वाढवायचा मोह नको, फाइल जेवढी मोठी तेवढी दुरुस्ती लांबते. नॅसवर फक्त बॅकअप, तोही आउटलुक बंद असताना. संध्याकाळी आउटलुक बंद केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये ते खरंच गेलंय ना हे बघूनच पीसी बंद करा. खिडकी गेली तरी फाइलचं लिखाण मागे चालू असतं.

जमलं तर पॉपच सोडा. मेल आयमॅप किंवा एक्स्चेंजवर राहिले तर हा प्रकारच उद्भवत नाही.

निफाडकर
यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडा. बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो. वायर डब्यात तशीच पडलेली असते बहुतेक ठिकाणी.

गोदाकाठ
हॅश काढला, गिऱ्हाइकांना मेसेज-आयडी पाठवले. दोघांकडून ड्रॉइंग आलीसुद्धा. यूपीएसची वायर खरंच खोक्यात होती, आज जोडतोय. पीएफएफएक्स्पोर्टमधले सुटे मेल पुन्हा आउटलुकमध्ये घालायचा काही मार्ग आहे का, की फोल्डरमध्येच ठेवू?

चामरलेणी
फोल्डरमध्येच ठेवा, तारखेप्रमाणे नाव देऊन. आउटलुकमध्ये हवेच असतील तर दुरुस्त केलेल्या कॉपीवर रीडपीएसटी चालवा. लॉस्ट अँड फाउंडमध्ये जे जोडलं गेलंय तेवढे ईएमएल निघतील, ते थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्ट-टूल्स एनजी या अ‍ॅड-ऑनने घ्या. तिथून आयमॅप खात्यावर ओढून टाकले की आउटलुकमध्ये दिसतात. एकदम सगळे ओढू नका, पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने ओढा आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर दोन्हीकडची संख्या जुळवा.